सव्वीस सह्या

बुधवार, ४ मार्च

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. इथे मी ठीक आहे, बाबाही ठीक आहेत. त्यांचं खाणंपिणं वेळेवर आहे, गेल्या महिन्यात वजन दीड किलोने वाढलं. तुझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदाही ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले. गॅलरीतल्या खुर्चीचं विचारलंस. खुर्ची जागेवर आहे.

आता कामाचं. घाबरू नकोस, पण हे पत्र वाचून बाजूला ठेवू नकोस. आजच्या आज हालचाल कर. फोनवर आपलं भांडणच होतं म्हणून बाबांविषयी काय ते लिहून कळवत जा, असं तूच सांगितलं होतंस. ही गोष्ट बाबांविषयी नाही, तरी लिहूनच कळवते. एक तर यातल्या तारखा आणि कागदांची नावं तुझ्यासमोर असलेली बरी. दुसरं म्हणजे पत्रात तू मधेच बोलणार नाहीस.

सोमवारी माझी गाडी फोडली.

भर दुपारी, भर वस्तीत. मी एका आजींकडे गेले होते. नव्वदीला टेकल्यात. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणजे उभा जन्म कानाला काहीतरी लावूनच काढला, पण आता कानात मशीन घालायचं म्हटलं की नव्या नवरीसारख्या लाजतात. तपासणीसाठी मी खिडक्या लावून घेतल्या, उजव्या कानात मशीन बसवलं, आवाज वाढवला. आजी म्हणाल्या, “शिट्टी वाजतेय गं.” कानात नीट बसलं नाही की मशीन शिट्टी मारतं, हे तुला माहीत आहे. मी काढलं, कानात बसणाऱ्या साच्याची कड घासली, परत बसवलं. “अजून वाजतेय.” आवाज कमी केला. “वाजतेय, पण जरा लांबून.” असं वीस मिनिटं चाललं होतं. शेवटी शेजारीण दार ठोठावत आली. “खालची पांढरी गाडी तुमची का हो? केव्हाची बोंबलतेय!”

म्हणजे बावीस वर्षं लोकांच्या कानांचं काम करणारी मी बहिरी, आणि आजींना अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. त्या अजून सगळ्यांना हे सांगून हसतायत म्हणे. हसू देत.

मागची काच पार चुरा. सीटवर, खाली, माझ्या चपलेच्या पट्ट्यातसुद्धा मिठाच्या खड्यांसारखे तुकडे. हत्यारांची पेटी गेली, आवाज मोजायचं यंत्र गेलं, जॅकेट गेलं. आणि खाकी फाईल गेली. फाईल सीटवर उघडी कशाला ठेवलीस म्हणून ओरडशील. ओरड.

पेटीचं काही नाही, पेटी दुसरी येईल. चौकीत तक्रार लिहून घेणारा पोलीस मात्र पेटीबद्दल दोन मिनिटं बोलला आणि फाईलबद्दल अर्धा तास. म्हणाला, “बाई, हत्यारं विकली की चोर मोकळा होतो. कागद तो विकत राहतो.” कुणाच्या ओळखपत्राची प्रत आणि जन्मतारीख हाताशी असली की दुसराच माणूस त्या नावाने फोन घेतो, कर्ज काढतो, खोली भाड्याने घेतो. आणि वसुलीची माणसं खऱ्या माणसाच्या दारात उभी राहतात. कधी कधी वर्षभराने.

त्या फाईलमध्ये माझ्या कागदांबरोबर तुझेही होते. तुझ्या ओळखपत्राची प्रत, जन्मदाखल्याची प्रत, एक फोटो. आई गेल्यावर घराच्या कामासाठी तू दिले होतेस, तेच. तेव्हापासून माझ्याकडे राहिले.

तर आता काय करायचं ते सांगते. मी स्वतः काल दिवसभर हेच करत होते, त्यामुळे रांगा कुठे लागतात ते मला पाठ आहे. सगळ्यात आधी, कुणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणारं कार्यालय असतं, तिथे अर्ज देऊन आपल्या नावाला कुलूप घालून घे. ते खरंच त्याला कुलूपच म्हणतात. मग तू स्वतः जाऊन उघडल्याशिवाय तुझ्या नावावर कुणालाही काही देता येत नाही. हे पहिलं. चहासुद्धा नंतर पी. मग बँकेत जा. सगळे पासवर्ड बदल आणि मुलांच्या जन्मतारखा ठेवू नकोस, तू ठेवतेस, मला माहीत आहे. तुझ्या गावच्या चौकीतही एक अर्ज देऊन त्याची पोच घे. ती पोच जपून ठेव, उद्या कुणी म्हणालं की हे कर्ज तुमचंच, तर तेवढा एकच कागद तुझ्या बाजूने बोलेल. “आम्ही बँकेतून बोलतोय, तुमचे कागद सापडलेत” असा फोन आला तर काही न बोलता ठेवून दे. सापडले तर पोलीस मला सांगतील, मी तुला सांगेन. आणि पुढचं वर्षभर तरी दर महिन्याला खात्याचा उतारा ओळ न् ओळ वाचत जा.

आणखी एक. जमलं तर बँकेतली सही बदलून घे. पूर्ण नाव लिही, वेगळ्या वळणाने. कंटाळा करू नकोस.

बाकी सगळं ठीक. गाडीला नवी काच बसली. खड्डा आला की दार अजून खुळखुळतं, आत तुकडे राहिलेत. बाबांचं वर लिहिलंच आहे.

काम झालं की एका ओळीने कळव.

तुझी,
ताई


गुरुवार, १९ मार्च

प्रिय चिंगी,

तुझं कार्ड शुक्रवारी पोचलं. खुशाली विचारली नाहीस, मीही विचारत बसत नाही.

नऊ तारखेला तू नावाला कुलूप घातलंस, पण सहा तारखेलाच तुझ्या नावावर कुणीतरी हप्त्यांवर महागडा फोन उचलला होता. तीन दिवसांचा फरक. माझं पत्र वाटेत रखडलं. मी फोन करायला हवा होता. फोन न करायचं जे कारण मागच्या वेळी लिहिलं, ते खोटं होतं. फोनवर तू लगेच विचारलं असतंस, आणि मला लगेच उत्तर द्यावं लागलं असतं.

आता कार्डावर विचारलंसच. “माझे कागद तुझ्या गाडीत काय करत होते? आणि चोराकडे माझी सही कुठून आली, की ती मी बदलायची?”

सांगते. पण आधी चौकीतलं सांगते, कारण ते घडलं नसतं तर मी कदाचित अजूनही काहीतरी जुळवून लिहिलं असतं.

मंगळवारी, दहा तारखेला मला बोलावणं आलं. चोर सापडला. माझं आवाज मोजायचं यंत्र घेऊन तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेला, दुकानदाराला त्यातलं काही कळेना, म्हणून त्याने यंत्रावर चिकटवलेल्या माझ्या नंबरावर फोन केला. असा हा चोर. पन्नाशीचा माणूस आहे, पूर्वी गाड्यांच्या काचा बसवायचा. फाईल त्याने वाहनतळामागच्या नाल्यात टाकली होती, ती झाडूवाल्याने आणून दिली. कडा भिजलेल्या, पण बरेचसे कागद शाबूत. तुझ्या ओळखपत्राची प्रत तेवढी नव्हती, ती पुढे विकली गेली होती.

तपास एका बाईंकडे आहे. शांत बाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी कागद एकेक करून टेबलावर मांडले आणि शेवटी एक पान माझ्यासमोर सरकवलं. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत तुझी सही होती. सव्वीस वेळा. पहिल्या काही अडखळत केलेल्या, मग सुधारत गेलेल्या, शेवटच्या चार तर तूसुद्धा स्वतःच्याच म्हणाली असतीस.

बाई म्हणाल्या, “हे बघा. चोराने तुमच्या बहिणीच्या सहीचा सराव केलेला दिसतोय. बरोबर ना?”

मी म्हटलं, “असेल.”

एवढंच म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या की आता प्रकरण नुसत्या चोरीचं राहिलं नाही, पान हस्ताक्षराच्या तज्ज्ञाकडे जाईल. मी निघाले तर तो बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उभा राहिला. “बाई, काच मी फोडली. कागद मी विकला. पण त्या सह्या माझ्या नाहीत हो. मला धड माझं नाव लिहिता येत नाही.” शिपायाने त्याला खाली बसवलं. मी मान खाली घालून गाडीत जाऊन बसले.

त्या सह्या मी केल्यात, चिंगी.

बाबा घरी नाहीत. गेल्या ऑगस्टपासून ते टेकडीमागच्या वृद्धाश्रमात आहेत. त्यांचं वजन वाढलं ते तिथल्या काट्यावर. तुझी पत्रं मी तिथे नेऊन वाचते. गॅलरीतली खुर्ची जागेवर आहे, कारण तिच्यात बसायला कुणी नाही. गेल्या सात महिन्यांत बाबांविषयी तुला लिहिलेलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. किती वेळ लागायचा मला ती वाक्यं जुळवायला!

तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होतीस, “मी आहे तोवर बाबा परक्या छपराखाली झोपणार नाहीत, आणि माझ्या सहीशिवाय तुला ते करता येणार नाही.” तिथला नियमच आहे, सगळ्या मुलांच्या सह्या लागतात. त्यानंतर तू त्यांना तीन आठवड्यांसाठी नेलंस आणि बाराव्या दिवशी आणून सोडलंस. मी तेव्हा काही बोलले नाही, आताही टोमणा मारत नाही. तुझी नोकरी, तुझा चौथा मजला, सगळं मला दिसत होतं. पण बारा दिवसांनंतरही तू “नाही”च म्हणालीस.

मग लिफ्टचं झालं. बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, हात शिवशिवणारच. मी कामावर असताना त्यांनी आपल्या इमारतीच्या लिफ्टची पेटी स्क्रूड्रायव्हरने उघडली. दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका पाऊण तास आत अडकली. बाहेर काढल्यावर बाबा तिला म्हणाले, “आता बघा, कशी लोण्यासारखी चालेल.” तिने मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मग दोनदा गॅस उघडा राहिला. हे तुला मी कळवलं होतं.

हे कळवलं नव्हतं. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी मी कामावरून आले तर दार आतून लावलेलं. बेल वाजवली. बाबा दाराच्या फटीतून म्हणाले, “कोण पाहिजे?” म्हटलं, “बाबा, मी.” म्हणाले, “माझी मुलगी कामावर गेलीय. ती आल्यावर या.” अगदी सौजन्याने. मी किती परीने सांगितलं. शेवटी त्यांचा आवाज कापायला लागला, मला घाबरले ते. मी जिन्यात बसले. दोन तास. ते दाराआड उभे होते, त्यांच्या काठीचा आवाज येत होता. किल्लीवाल्याने दार उघडलं तेव्हा कोपऱ्यात भिंतीला टेकलेले, पायजमा ओला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज आणला. तुझी सही आईच्या फाईलमध्ये होतीच. शेवटचा फाटा मला जमेना, तू तो खालून वर नेतेस. चार दिवस लागले. पान फाडून टाकायला हवं होतं, पण दर सहा महिन्यांनी संमती नव्याने द्यावी लागते, म्हणून ठेवलं. फेब्रुवारीतली संमती द्यायची राहिली होती, ती द्यायला त्या सोमवारी आजींकडचं काम आटोपून मी तिकडेच जाणार होते. म्हणून फाईल गाडीत. झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी मी चौकीत परत गेले. बाईंना म्हटलं, “त्या पानावरच्या सह्या चोराच्या नाहीत, माझ्या आहेत.” त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकलं. विचारलं, “मग मंगळवारी ‘असेल’ का म्हणालात?” मी म्हटलं, “तुम्ही सुचवलंत आणि मला बरं वाटलं.” त्यांनी ते तसंच्या तसं जबाबात घातलं. काचा बसवणाऱ्यावरचा सह्यांचा आळ गेला. माझ्याबद्दल म्हणाल्या, “तक्रार करायची तर ती तुमच्या बहिणीची. त्यांचा जबाब घ्यावाच लागेल.” तुला बोलावणं येईल. तिथे काय म्हणायचं ते मी तुला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला जे वाटेल ते लिही.

मग आश्रमात गेले. तिथल्या मेट्रन कडक आहेत. बसा म्हणाल्या नाहीत. एक महिन्याच्या आत खरी सही आणा, नाहीतर वडिलांना घेऊन जा, असं लेखी दिलं. कोरा अर्ज सोबत जोडलाय. सही नाही केलीस तर मी काम सोडून त्यांना घरी आणीन. धमकी म्हणून लिहीत नाही. दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहिते.

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर परत सात महिने जातील. त्यांना तिथे ठेवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी नऊपर्यंत झोपले. उठले, चहा केला, रेडिओ लावला, तो मोठ्याने लावला. आणि मला छान वाटलं. अपराधी वगैरे नंतर वाटलं. आधी छान वाटलं.

तुझी,
ताई


रविवार, १२ एप्रिल

प्रिय चिंगी,

पोचल्याचा निरोप मिळाला. प्रवासात पाठ धरली असेल, शेकत जा.

तू दोन दिवस राहिलीस आणि आपण मिळून वीस वाक्यं बोललो असू. त्यातली निम्मी टॉवेल कुठे आहे आणि गीझर कसा लावायचा यावर. म्हणून राहिलेलं लिहिते.

तू स्टेशनवरून घरी न येता थेट आश्रमात गेलीस हे मला मेट्रनकडून कळलं. त्यांनी फोन करून विचारलं, “या खऱ्याच तुमच्या बहीण ना? आता मी ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नाही.” मी म्हटलं, “बघा, अवश्य बघा.” त्यांनी तुझं ओळखपत्र उजेडात धरून बघितलं म्हणे, आणि भेटीची वेळ संपली म्हणून बाबांना न भेटवताच परत पाठवलं. तुला राग आला असेल. मला मात्र त्या बाई पहिल्यांदा आवडल्या.

तुझ्या जबाबाची नक्कल तपासाच्या बाईंनी मला दाखवली. “हप्त्याच्या फोनची सही माझी नाही. आश्रमाच्या अर्जावरची सहीही माझी नाही. ती माझ्या मोठ्या बहिणीने माझ्या परवानगीशिवाय केली. मला तिच्याविरुद्ध तक्रार करायची नाही.” शेवटचं वाक्य मी आधी वाचलं. मग वरची दोन परत वाचली. तू माझ्यासाठी खोटं बोलली नाहीस, ते बरं झालं. बोलली असतीस तर आपल्या दोघींत आणखी एक खोटा कागद तयार झाला असता.

फोनच्या हप्त्यांचं प्रकरण मिटल्यात जमा आहे. पोलिसांची पोच पाहून कंपनीने तुझं नाव काढलं, तसं पत्र तुझ्या पत्त्यावर येईल. आलं की नोंद कार्यालयातून उतारा मागव आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नुसत्या पत्रावर जाऊ नकोस. कुलूप एवढ्यात काढू नकोस. काचा बसवणाऱ्याला चोरीची शिक्षा होईल, ती त्याची आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, “माझं जे जे तुझ्याकडे आहे ते सगळं दे.” मी आईची फाईल काढली. तू एकेक कागद मोजून घेतलास, शाळेचा दाखला, लसीची कार्डंसुद्धा. मी चहा पुढे केला, तो तू घेतला नाहीस. मग अर्ज पुढ्यात ओढलास, माझ्या पेनाने नाही, पर्समधून स्वतःचं काढून सही केलीस. नवीन सही, पूर्ण नावाची. मी मुद्दाम तोंड फिरवून खिडकीकडे बघत उभी राहिले. तुझ्या लक्षात आलं का, माहीत नाही. “दर महिन्याला लिहायचं. खरं. वजन नको सांगूस, ते कसे आहेत ते सांग,” असं बजावलंस. म्हणून हे पहिलं तसलं पत्र.

तर, ते कसे आहेत. सकाळी चांगले असतात. आश्रमातल्या लिफ्टशेजारी बाकावर बसतात आणि मोटरचा आवाज ऐकतात. बेअरिंग गेलंय म्हणतात. मेट्रननी शेवटी माणूस बोलावला, तर खरंच गेलं होतं. तेव्हापासून तिथे त्यांना मान आहे. दुपारी हरवतात. संध्याकाळी घाबरतात, हात धरून बसावं लागतं. डाव्या कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात आणि हरवलं म्हणून सांगतात. एकदा ते पाण्याच्या ग्लासात सापडलं.

आणि ते मला चिंगी म्हणतात.

नोव्हेंबरपासून. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी सांगितलं, “बाबा, मी मोठी.” त्यांचा चेहरा इतका पडला की दुसऱ्यांदा मी काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा “ओ” दिली. मग रोजचंच झालं. चिंगी आली म्हटलं की ते सरकून बाकावर जागा करतात. माझा हात हातात घेतात. तू सात वर्षांची असताना लिफ्टच्या टपावर चढून बसली होतीस, ती गोष्ट मला रोज सांगतात, आणि मी “हो, मला आठवतं” म्हणते. माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला असा मला तरी याआधी आठवत नाही. मोठ्या मुलीला कामं सांगतात, तेवढंच. सहीचा कागद एक दिवस तुझ्यासमोर यायचाच होता. हे कुणालाही कधी कळलं नसतं. तरी सांगते, कारण हेही तुझंच होतं आणि ते मी पाच महिने घेत होते.

कधी कधी विचारतात, “मोठी कुठे आहे?” मी म्हणते, “कामावर आहे, येईल.” तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. पुढे काही विचारत नाहीत.

निघायच्या दिवशी तू बाबांना भेटायला गेलीस तेव्हा काय होईल याची मला भीती होती. दोन चिंग्या कशा चालतील! मी आत आले नाही, गाडीतच बसून राहिले. तू पाऊण तासाने बाहेर आलीस, डोळे पुसलेले होते, आणि मी तुला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटायच्या आधी दारात उभी राहून म्हणालीस, “त्यांनी मला मोठी समजून हाक मारली. मी नाही म्हटलं नाही. खूप वेळ बोलत होते तुझ्याशी.”

तुझ्याशी, म्हणालीस. मग गाडी हलली.

सहा दिवस झाले, मी तेवढ्याच वाक्यावर आहे. काल मी स्वतः बाबांना विचारून पाहिलं, “मोठी आली होती का?” म्हणाले, “ती कशाला येतेय, तिला काम असतं.” त्यांच्याकडून आता ते मिळणार नाही.

तू मला माफ करावंस असं या पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून खात्री केली. तुझ्या वेळेने होईल ते होईल. पण एवढं कर. ते काय म्हणाले, ते लिहून पाठव. चांगलं असेल तर गोड करू नकोस, वाईट असेल तर गाळू नकोस. त्यांच्याच शब्दांत, आठवेल तसं, अर्धवट असलं तरी चालेल. पोस्ट सकाळी अकराला येतं. या आठवड्यात मी अकरापर्यंत कामाला बाहेर पडणार नाही.

वाट पाहते.

मोठी